वाऱ्याचं चाक

"यातलं आधी बनवलेलं कुठलं?" परीक्षक साहेबांनी विचारलं.

तलासरीच्या शेतकरी मेळाव्यात, मांडवाखाली दोन चाकं शेजारी शेजारी उभी होती. सायकलचं चाक, तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेली पाती आणि पायाने मारायचं पेडल. वारा पडला तरी धान्य उफणता यावं म्हणून सोनीबाईने दोन हजार पंधराच्या सुगीत हे जुळवलं, त्याला आता दोन वर्षं झाली. पण तिच्यापुढचं चाक कोरं होतं. गंजलेलं जुनं चाक होतं शेजारच्या भिकापुढे, आणि स्पर्धेच्या अर्जावर नावही भिकाचंच. अर्ज लागतो हे तिला इथे आल्यावर कळलं.

निवडलेल्या चाकासारखी वीस चाकं, बनवणाऱ्याचं नाव रंगवून, वीस पाड्यांवर जाणार होती.

"जुनं चाकपण माझंच, साहेब. मीच दिलं यांना."

"पहिलंवहिलं देऊन टाकलं?" साहेब हसले. "असं कोण करतं, बाई?"

आता काय सांगावं! तिच्या पाड्यावर सगळेच करतात. वेलीचा पहिला दुधी, जाळ्यातला पहिला मासा, नवं काही झालं की पहिलं शेजारच्या घरी. कासा गावात कीर्तनाला येणारे बुवा म्हणायचे, देणाऱ्याचा हात देव धरतो. धरत असेल बापडा. पण देव पावती देत नाही, हे बुवांनी सांगितलं नव्हतं.

"बोला ना, भावोजी!" तिचा आवाज चिरकला. "बाळंत कोण झालं नि पेढे कोण वाटतंय?"

मागच्या बायका फिस्सकन हसल्या. भिका मान खाली घालून पुटपुटला, "अर्ज कुणी भरला, वयनी? तीनदा हेलपाटे घातले मी."

साहेबांनी जुन्या चाकापुढची पत्र्याची झडप हलवून पाहिली. "ही कशाला, भिकाभाऊ?"

"धूळ... धूळ अडते, साहेब."

"धूळ उडवायलाच तर हे चाक! बनवणाऱ्यालाच ठाऊक नसेल तर बाद करावं लागेल." पेन कागदाला टेकलं.

सोनीबाईने पदर मुठीत आवळला. गप्प बसलं की भिका बाद. बरी जिरेल. पण भिकाबरोबर चाकही बाद, आणि वीस पाड्यांवरच्या बाया वाऱ्याची वाट बघत सुपं धरून तशाच उभ्या.

"नागलीसाठी!" तिच्या तोंडून निघूनच गेलं. "नागली हलकी, साहेब. भाताएवढा वारा दिला तर भुसाबरोबर दाणापण पळतो. तेव्हा झडप अर्धी पाडायची. यांच्याकडं नुसता भात, यांना कसं ठावं असणार?"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, भिकाकडे पाहिलं. मग कागदाकडे.

"अर्ज यांचा आहे, बाई," ते हळू आवाजात म्हणाले आणि त्यांनी भिकाच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

दुपारी भिकाचं नाव पुकारलं. तो उठला, बसला, पुन्हा उठला. शाल खांद्यावर पडली तेव्हा त्याचे डोळे गर्दीत कुणाला तरी शोधत होते.

सोनीबाई मांडवामागे जमिनीवर बसली होती. उधवा गावच्या एका बाईने तिला अडवलं होतं, "आमची वरई तर नागलीहून बारीक गं, तिचं काय?"

"झडपेला भोकं पाडून बघू," म्हणत तिने आपल्या कोऱ्या चाकाची झडप सोडवली आणि दगडाने खिळा ठोकायला घेतला. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. तिने मान वर केली नाही; नजर हलली असती तर खिळा बोटात गेला असता.