मशीनवाल्या मावशी

"अहवालातून नाव काढलंस, पण बाई तशीच ठेवलीस की," असं कात्री म्हणाली होती. तेव्हा तिने ते हसण्यावारी नेलं.

कात्री म्हणजे संस्थेतली तिची वरिष्ठ. लोकांच्या जबान्यांमधून नाव, गल्ली, वय, ओळख पटेल ते सगळं ती कापायची, म्हणून हे टोपणनाव. देशात माणसांच्या हक्कांचं काय चाललंय याची झाडाझडती परदेशातल्या एका मोठ्या सभागृहात होणार होती. सरकार आपली बाजू मांडणार, संस्थांनी आपापला अहवाल धाडायचा. अहवालातला कोठडीतल्या मारहाणीचा भाग तिच्या वाट्याला आला होता. तिने लिहिलं, 'शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका महिलेचा मुलगा.'

"अख्ख्या शहरात हे काम करणारी दुसरी बाई दाखव मला," कात्री म्हणाली.

"ताई, तेवढंही काढलं तर उरतं काय? 'एका व्यक्तीच्या नातेवाइकाला इजा झाली.' वाचणारा जांभई देईल. आणि सातासमुद्रापार मावशींना कोण ओळखतंय?"

मुदत संपत आली होती, कात्रीपुढे कागदांचा ढीग होता. वाक्य राहून गेलं.

सुनावणीच्या दिवशी ओट्यावरच्या डब्याला मोबाइल टेकवून ती थेट प्रक्षेपण बघत होती. कडेवरच्या लेकीचा हात सारखा पडद्याकडे.

"एवढी कसली मॅच लागलीय?" सासूबाईंनी विचारलं.

"आपलीच आहे, आई."

एकेक देश बोलायचा, गुळमुळीत काहीतरी सुचवायचा, गप्प व्हायचा. मग एका लहानशा देशाच्या बाईंनी कागद उचलला. दुभाष्याच्या संथ आवाजात तिचंच वाक्य तिच्या स्वयंपाकघरात आलं. खोटं कशाला बोला, क्षणभर तिला आनंदच झाला. तेवढ्यात आपल्या शिष्टमंडळाचे प्रमुख माइककडे झुकले. चेहरा हसरा.

"त्या महिलेची आम्ही जातीने विचारपूस करू."

तिने प्रक्षेपण बंद केलं आणि नंबर लावला.

मावशींचा फोन बंद होता. पुन्हा लावला, पुन्हा बंद. नवरा म्हणाला, "बॅटरी गेली असेल. तू ना, राईचा पर्वत करतेस." रात्रभर ती कूस बदलत राहिली, आणि सकाळी "दूध आणते" म्हणून लेकीसकट बाहेर पडली.

"अगं, पातेलंभर आहे की!" सासूबाई मागून ओरडल्या.

मावशींच्या दुकानाचं शटर खाली होतं. बाहेर स्टुलावर एक मशीन अर्धवट खोललेलं, शेजारी बशीत स्क्रू. मावशी असं काम उघड्यावर टाकून जाणाऱ्यातल्या नव्हत्या. शेजारच्या शिंप्याने तिला पाहिलं आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

"दादा, मावशी?"

"सकाळीच दोघं आले होते. मशीन दुरुस्त करायचंय म्हणाले." त्याने दोऱ्याला गाठ मारली. "मशीन काही आणलं नव्हतं."

"आणि मग?"

"मी मान खाली घालून शिवत होतो, ताई. मान वर केली तर शटर बंद. पोराला तेवढं त्यांनी कालच बहिणीकडे धाडलं, नशीब."

ती तशीच संस्थेत गेली. 'सांगितलं होतं ना' हे ऐकायची तयारी करूनच. कात्री तसं काही बोलली नाही. लेकीला तिच्या हातातून घेतलं, पाणी दिलं.

"आता कापाकापी बंद," ती म्हणाली. "लपवायचं होतं ते आधी. आता आपण गप्प बसलो, तर ते आतल्या आत मिटवून टाकतील. मावशी कुठे आहेत, हे विचारणारी तोंडं वाढली पाहिजेत. वकिलांना मी कामाला लावते. तू माणसं गोळा कर."

"आणि माझ्याच घरी कोणी आलं तर? ही एवढीशी आहे."

"येतीलही. म्हणून तर एकटीने विचारायचं नाही."

तेव्हापासून ती जिन्यात भेटेल त्याला सांगते, डाळ-तांदूळ घेताना सांगते, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघताना सांगते. नवरा म्हणतो, जरा दमानं. दाराची बेल वाजली की ती लेकीला छातीशी घट्ट धरते. तरी ती सांगतेच. तुमच्याकडेही तिचं तेवढंच मागणं आहे:

"पोलीस चौकीवरून जाल तेव्हा दोन मिनिटं आत जा. मशीनवाल्या मावशी कुठे आहेत, एवढंच विचारा. 'तुम्ही त्यांचे कोण?' म्हणतील. काहीही सांगा, पण उत्तर मिळाल्याशिवाय उठू नका. त्यांना डोळ्यांनी बघा, आणि कशा आहेत ते मला कळवा."