उपडा टोप

मित्रांनो, माझा आवाज घुमला तर समजून घ्या. परवापर्यंत मी उपडा होतो. मी किहीमजवळच्या बौद्धवाडीतला एक जुना तांब्याचा टोप आहे. ‘धोंडूबाईंकडून वाडीस भेट’ असं माझ्या काठावर कोरलंय. वाडीतल्या प्रत्येक लग्नाचा भात माझ्यातच शिजला. चुलीवर चढवण्याआधी बायका माझ्या बुडाला माती लिंपत, नंतर चिंचेने घासत. थाट होता.

मग किनाऱ्यावर कलेचं मोठं प्रदर्शन ठरलं. मुंबईच्या कलाकार रुचिका मॅडम वाडीत येऊन म्हणाल्या, “तुमची सगळ्यात जवळची वस्तू द्या.” एवढा मोठा कार्यक्रम म्हणजे पंगत असणारच, असं समजून वाडीने मला दिलं. सोबत लाकडंही दिली. त्या लाकडांची वेगळी कलाकृती झाली.

मला वाळूत उपडं ठेवलं. भोवती दोरी, समोर पाटी : ‘रिकामेपण. हात लावू नये.’ आत काळोख. बाहेर समुद्राची गाज आणि पाहुण्यांचं “वा!” माझ्याखाली एक खेकडाही कोंडला होता. तो वाळू उकरून निसटला. मला ती कला येत नव्हती.

एका सकाळी मॅडम ड्रिल घेऊन आल्या. मला भोकं पाडून, आत दिवा लावून चांदण्या दाखवायच्या होत्या. नेमकं त्याच दिवशी धोंडूबाईंच्या नातीचं, मैत्रीचं लग्न. भोक पडलं की माझा भात कायमचा संपला. पण उपड्याचं ऐकतो कोण?

मैत्रीची आई नीराबाई मला न्यायला आली, ती ड्रिल बघून धावलीच. “थांबा बाय! भोकं पाडल्यावर भात कशात शिजवू?”

“मावशी, हे आता भांडं नाही. रिकामेपण आहे.”

“रिकामं हाय ना? मंग भरू की.”

“अहो, प्रदर्शन चालू आहे!”

“चालू दे. आमची पंगत हितंच बसवतो.”

तिने काठाशी साचलेली वाळू बाजूला केली आणि सासूच्या नावावर बोट ठेवलं. मॅडमनी ते वाचलं. ड्रिल बंद झालं.

बायकांनी दोरी काढली, मला सुलटं केलं, बुडाला माती लिंपली. लाकडांची कलाकृती चुलीत गेली. हाही प्रदर्शनाचाच भाग समजून पाहुणे वऱ्हाडासोबत पंगतीला बसले. मॅडमनी भात दोनदा मागून घेतला.

आता मी वाडीत आहे. किनाऱ्यावरची पाटी अजून तिथेच आहे. लोक थांबून मोकळ्या वाळूचे फोटो काढतात.

मित्रांनो, जुन्या भांड्यावर प्रेम असेल तर त्याच्याभोवती दोरी बांधू नका. त्यात तांदूळ घाला. आणि जेवण झालं की घासायला विसरू नका.