शैलाताईंसाठी राखून ठेवलेला श्वास

मित्रांनो, मी एक जुना राखीव रेग्युलेटर आहे. समुद्रात बुडी मारणारा माणूस पाठीवर हवेची टाकी बांधतो. त्या टाकीतली हवा तोंडापर्यंत पोचवतो तो रेग्युलेटर. एका टाकीला असे दोन असतात. काळा असतो तो बुडी मारणाऱ्याचा स्वतःचा. दुसरा पिवळा, लांब नळीचा, छातीच्या उजव्या बाजूला अडकवलेला. तो जोडीदारासाठी. पाण्याखाली जोडीदाराची हवा संपली, तर त्याने तो ओढून तोंडात धरायचा. घाबरलेल्या माणसाला चटकन दिसावा म्हणून तो पिवळा. तो मी.

मे २०१२ मध्ये श्रीनिवास आणि शैलाताई यांनी मला सिंगापूरच्या एका दुकानातून घरी आणले. दोघे मूळचे पुण्याचे, राहायला सिंगापूरच्याच बिशान भागात. श्रीनिवास तुआसच्या एका यार्डात जहाजदुरुस्तीचे इंजिनिअर. शैलाताई हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत. त्यांची मुलगी इशिता तेव्हा पाच वर्षांची होती. मी श्रीनिवास यांच्या टाकीला जोडलेला होतो, म्हणजे माझ्यातली हवा शैलाताईंसाठी होती.

पुढच्या आठ वर्षांत मी मलेशियाच्या टिओमान बेटावर एकोणतीस वेळा गेलो. त्या दोघांचे दोन नियम होते. पहिला असा, की प्रत्येक सहलीतल्या पहिल्या बुडीला, पाच मीटर खोलीवर, शैलाताई स्वतःचा रेग्युलेटर तोंडातून काढत, मला तोंडात धरत आणि तीन श्वास घेत. तीन बोटे दाखवून मोजत. सराव असला म्हणजे खऱ्या वेळी हात चुकत नाही, असे श्रीनिवास म्हणत. दुसरा नियम अंगठ्याचा. पाण्याखाली अंगठा वर केला, की बुडी संपली, वर चला. कुणीही, केव्हाही अंगठा दाखवावा. दुसऱ्याने कारण विचारायचे नाही. पाण्यात नाही आणि वर आल्यावरही नाही.

खरी वेळ कधी आली नाही. शैलाताईंची हवा एकदाही संपली नाही. एकोणतीस सहलींत मी सत्याऐंशी श्वास दिले. ते सगळे सरावाचे. राखीव वस्तूचे यश इतकेच असते.

शैलाताईंना बोट मात्र लागायची. बोट सुटली की दहाव्या मिनिटाला त्या कडेला वाकलेल्या असत.

"मासे माझीच वाट बघत असतात," त्या तोंड पुसत म्हणत. "नाश्ता घेऊन येते ना मी."

"पोहेच खाऊन येत जा," श्रीनिवास म्हणत. "त्यांनाही कंटाळा आला असेल टोस्टचा."

२०२० मध्ये सीमा बंद झाल्या आणि मी स्टोअररूममध्ये खुंटीवर आलो. खुंटीवरून दाराच्या फटीतून जेवणाचे टेबल आणि फ्रिज दिसतो. पुढचे बहुतेक सगळे मी तिथून पाहिले.

श्रीनिवास यांचा खोकला २०२२ मध्ये सुरू झाला. मार्च २०२४ मध्ये डॉक्टरांनी सांगितले, की फुप्फुसांच्या कडेला डाग दिसत आहेत. बुडी मारणाऱ्यांना प्रमाणपत्र देणारे डॉक्टर वेगळे असतात. त्यांनी तपासणीचे आकडे पाहून सही केली, पण सहा महिन्यांपुरतीच. "आजच्या आकड्यांवर सही करतो. सप्टेंबरनंतरचे सांगत नाही," असे ते म्हणाल्याचे श्रीनिवास यांनी घरी सांगितले.

त्या दोघांनी बारा वर्षे एक बेत जपला होता. एकदा कॅरिबियन समुद्रात बुडी मारायची. आता त्या बेताला मुदत आली. पाहुणे आल्यासारखी घरात लगबग झाली. मला दुकानात तपासणीसाठी नेले. तिथल्या वयस्कर कारागिराने मला उघडून पाहिले आणि तो म्हणाला, की पिवळा अगदी नव्यासारखा आहे. माझ्या आयुष्यातले हे शेवटचे कौतुक.

एकच गोष्ट ठरायची होती. किनाऱ्यावरून बुडी मारायची, की बोटीवरून?

श्रीनिवास यांनी फ्रिजच्या दारावर एक कागद लावला. मधोमध रेघ. डावीकडे 'किनारा', उजवीकडे 'बोट'. डावीकडे त्यांनी लिहिले कॅरिबियनमधले बोनेर. हे बेट किनाऱ्यावरून बुडी मारण्यासाठीच ओळखले जाते. गाडीच्या मागे टाक्या टाकायच्या, बुडीची जागा दाखवणारा रस्त्याकडेचा पिवळा दगड दिसला की थांबायचे आणि चालत पाण्यात शिरायचे. बोटीचे वेळापत्रक नाही. वादळांच्या वाटेपासूनही बेट बरेच दक्षिणेला. उजवीकडे शैलाताईंनी लिहिले, की बोटीवर टाकी कुणीतरी बसवून देते. बाकावरून उठायचे आणि पाण्यात पाऊल टाकायचे. बोट थेट चांगल्या जागी नेते. पायाखाली प्रवाळाचे तुकडे नाहीत.

मग चर्चा सुरू झाली.

"किनाराच बरा," श्रीनिवास म्हणाले. "आपल्या मनाचे राजे आपण."

"अरे, तीस तासांचा प्रवास करून जायचं आणि खडकांवरून धडपडत चालायचं? बोट घेऊ."

"बोटीवर गर्दी असते."

"तुला कधीपासून गर्दीचा त्रास व्हायला लागला? सकाळी एमआरटीच्या डब्यात गर्दीत बरा उभा राहतोस."

एप्रिल गेला. मे महिन्यात कागदाला दुसरा कागद चिकटवला. श्रीनिवास यांनी इंजिनिअरच्या पद्धतीने प्रत्येक मुद्द्याला दहापैकी गुण दिले. किनारा एकाहत्तर, बोट अडुसष्ट. शैलाताईंनी दुसऱ्या दिवशी 'चढ-उतार' हा मुद्दा वाढवला आणि बोट पुढे गेली. जूनमध्ये शैलाताईंना ऑफिसात रजेची तारीख द्यायची होती. ती पुढे ढकलली.

मित्रांनो, मी दोघांच्या छातीजवळ राहिलो आहे. मला कागद वाचावा लागला नाही. मला दुकानातून परत आणताना श्रीनिवास जिना चढता चढता मधे थांबले आणि चपलेचा पट्टा नीट करू लागले. शैलाताईंनी ते पाहिले होते. पंधरा-सोळा किलोची टाकी घेऊन ते खडकांवरून चालतील, हे त्यांना नको होते. आणि शैलाताईंनी रोज दोनदा बोटीच्या कडेला वाकावे, हे श्रीनिवास यांना नको होते. प्रत्येकजण दुसऱ्याच्या वतीने भांडत होता. स्वतःला काय हवे, ते दोघांपैकी कुणीही बोलले नाही.

ते जुलैमध्ये इशिताने बोलून दाखवले. ती आता सतरा वर्षांची होती. पाण्याची बाटली काढायला तिने फ्रिज उघडला आणि दार लावताना कागदापाशी थांबली.

"बाबा, यू हेट रॉक्स. टिओमानला तू बीचवर पण चप्पल काढत नाहीस. मग किनारा का? कारण आई व्हॉमिट करते. आणि आई, तू बोट का म्हणतेस? कारण बाबाला श्वास लागतो. सो हू इज गोइंग ऑन धिस हॉलिडे? जस्ट चूज वन लाह!"

मग दोघांनी एकदमच तोंड उघडले.

"बरं, बोट," श्रीनिवास म्हणाले.

"बरं, किनारा," शैलाताई म्हणाल्या.

इशिता हसली, मग दोघेही हसले. श्रीनिवास इतके हसले, की खोकल्याने त्यांना टेबल धरावे लागले. पण चूक तिथेच झाली. आता श्रीनिवास बोटीच्या बाजूने बोलू लागले आणि शैलाताई किनाऱ्याच्या. कागद तोच राहिला, पेन बदलले. तीन आठवडे त्यात गेले.

शेवटी १९ ऑगस्टला ठरले. बोनेरच, पण तीन दिवस किनारा आणि दोन दिवस बोट. बोट जवळच्या जवळ जाणारी. किनाऱ्यावर टाकी पाण्यापर्यंत पोचवायला माणूस सांगायचा. इतका सोपा तोडगा होता. एप्रिलमध्येही तो तितकाच सोपा होता. ऑफिसातून मिळालेली रजा मात्र ऑक्टोबरची होती, त्यामुळे सही पुन्हा घ्यावी लागणार होती.

१७ सप्टेंबरला श्रीनिवास तपासणीला एकटेच गेले. सोबत येऊ का, असे शैलाताईंनी सकाळी दोनदा विचारले होते. "नळीत फुंकायचं आहे, लग्नाला जायचं नाही," असे म्हणून ते निघाले. ते परतले तेव्हा बाहेर लख्ख ऊन होते. शैलाताई टेबलापाशी बॅगांची यादी करत बसल्या होत्या. श्रीनिवास समोर बसले. त्यांनी दम परत येऊ दिला. शैलाताईंनी मान वर केली.

त्यांनी उजवा हात टेबलावरून थोडा उचलला आणि अंगठा वर केला.

शैलाताईंनी कारण विचारले नाही. नियम होता. त्या उठल्या, फ्रिजवरचा कागद काढला आणि चार घड्या घालून यादीखाली ठेवला.

"चहा टाकते," त्या म्हणाल्या.

"दोन दिवस बोट झेपली असती तुला," श्रीनिवास म्हणाले.

"अरे, पाचही दिवस झेपली असती."

"मग आधी सांगायचं होतंस."

"तू तरी कुठे सांगितलंस?"

त्याला आता दीड वर्ष झाले. हॉलमध्ये प्राणवायूचे एक यंत्र दिवसभर घुमत असते. त्याची पारदर्शक नळी श्रीनिवास यांच्या नाकाशी जाते. ते जिना उतरत नाहीत. डॉक्टर आता महिन्यांचीही भाषा करत नाहीत. मी त्यांच्यापासून सात पावलांवर लटकतो आहे. श्वास संपत आलेल्या माणसासाठीच मला घडवले आहे, आणि मी काहीही करू शकत नाही. टाकीशिवाय मी नुसते रबर आणि प्लॅस्टिक.

गेल्या रविवारी दुपारी ते झोपलेले असताना शैलाताई स्टोअररूममध्ये आल्या. त्यांनी मला खुंटीवरून काढले, तोंडात धरले आणि एक बोट वर केले. हवा ओढली. आली नाही. दुसरे बोट. नाही. तिसरे बोट वर करून त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग आत पाणी जाऊ नये म्हणून लावलेली धूळ-टोपी घट्ट आहे ना ते पाहून त्यांनी मला गोड्या पाण्याने धुतले, पुसले आणि परत टांगले.

मित्रांनो, माझ्यासाठी मला काही मागायचे नाही. माझे रबर कडक होत चालले आहे, एक दिवस त्याला चिरा पडतील. पण तुमच्या घरात दोन माणसे एकमेकांच्या सोयीसाठी वाद घालताना दिसली, तर त्यांना तिथेच थांबवा. 'तुला स्वतःला काय हवंय?' असे प्रत्येकाला विचारा. उत्तर मिळाले की त्याच दिवशी तारीख ठरवा. मी सत्याऐंशी श्वास दिले. आता हॉलमधला प्रत्येक श्वास मला ऐकू येतो आणि त्यातला एकही मला देता येत नाही.