उरलेला सात
“पाऊल गेलं तर उभा कसा राहू? आणि बसून गाणं चालवणारा माणूस मी नव्हे,” लिसिआते मास्तर म्हणाले आणि पाठ फिरवून चर्चच्या दालनातल्या फळ्यावर रविवारच्या गीताची चाल लिहू लागले.

टोंगात चर्चच्या गीतांची चाल आकड्यांतच लिहितात. तीनापासून नवापर्यंत सात सूर. एक आणि दोन यांना सूरच नाही. मास्तरांनी हयातभर दिवसा शाळेत गणित शिकवलं आणि संध्याकाळी इथे चर्चच्या गायक मंडळीकडून गाणं बसवून घेतलं. साखरेच्या आजारानं आधी पायाची दोन बोटं नेली, तेव्हा ते हसले होते. आता मात्र सोमवारी पाऊलच काढायचं, नाहीतर विष वर चढून जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मास्तरांचा हट्ट एकच, जायचं तर अख्खा जाईन.

बायको लाविनिया पुढच्या रांगेत गायला बसायची. रडून झालं, भांडून झालं, अबोला धरून झाला. पाद्रीबाबांनीही हात टेकले. आज तिला राहवेना. चर्चला येताना रिवाजानं कमरेला गुंडाळलेली चटई सावरत ती उठली, नवऱ्याच्या हातातला खडू घेतला, चाल पुसली आणि लिहिलं, ७३९३९१३३.

मंडळी पडली सवयीची. आकडे दिसले की तोंड उघडतं. पाच सूर झोकात लागले आणि सहाव्या जागच्या एकाशी सगळे अडखळले. खर्जात गाणारा जाडा फेलेती म्हणाला, “काकू, ही कसली चाल?” हशा पिकला.

मास्तर तेवढे हसले नाहीत. फळ्यावरचा तो अख्खा आठ अंकी आकडा त्यांचा लाडका होता. एक आणि तो स्वतः सोडून त्याला कशानंच भाग जात नाही. दरवर्षी नव्या वर्गाला ते हौसेनं सांगायचे.

लाविनियानं शेवटचा अंक अंगठ्यानं पुसला. “आता जातो भाग?”

“नाही जात,” मास्तर पुटपुटले.

तिनं आणखी एक पुसला, मग आणखी एक. प्रत्येक वेळी तेच उत्तर. त्र्याहत्तर राहिले, मग नुसता सात.

“आणि मूळ आकड्याच्या शेवटी आणखी एखादा अंक जोडला तर?”

“मग भाग जातो. कुठलाही जोड.”

“म्हणजे जोडून बिघडतो, काढून टिकतो. लग्नाच्या पंगतीतसुद्धा हेच सांगत बसला होतात. भाजलेलं डुक्कर गार झालं माझं.”

“अगं, तो आकडा आहे. मी माणूस आहे.”

“मला माणूसच हवाय, मास्तर. उरेल तेवढा चालेल.” आणि तिचा आवाज फुटला.

मास्तरांनी फळ्यावरच्या साताकडे पाहिलं. जिवाची भीती त्यांनाही वाटत होती. ती बोलून दाखवायला मात्र जीभ वळत नव्हती.

“फेलेती,” अखेर ते म्हणाले, “खुर्ची आण.”

खुर्ची आली. गाणं चालू असताना त्या दालनात कधीही न बसलेला माणूस बसला, पट्टी बांधलेला पाय त्यानं पुढे ठेवला आणि हात वर केला. फळ्यावर एकच आकडा होता. सगळ्यांनी मिळून तो गायला. लाविनियाला आधी सूरच सापडेना. डोळे पुसून ती मागाहून त्यात मिसळली.