नसेच्या शेजारची दाढ

मित्रांनो, खालच्या जबड्यात, डाव्या बाजूला, अगदी मागे, जिथवर यायला ब्रश कंटाळतो, तिथे माझे घर आहे. मी आता जुनी झालेली एक दाढ. माझ्या डोक्यावरच्या खड्ड्यात सिमेंट भरलेले आहे, आणि खरे सांगायचे तर मी अजूनही घाबरलेली आहे. का, ते सांगते.

माझी मालकीण शाळेत जात होती तेव्हा मी हिरडी फाडून वर आले. ती गाल धरून रडली. तिचे बाबा म्हणाले, "रडू नकोस. पाहुणी आलीय, आणि ही आता कायमची राहणार." मला फार बरे वाटले. वरून मी इतर दाढांसारखीच दिसत होते. खाली हाडात मात्र माझी दोन्ही मुळे वेगळी न होता एकमेकांना चिकटून वाढली, आणि त्यांच्या टोकांखालून एक नस जात होती. ही नस पुढे जाऊन खालच्या ओठाला स्पर्श कळवते. आम्ही शेजारणी होतो. आमचे कधी भांडण झाले नाही.

मालकीण मोठी झाली आणि क्लॅरिनेट वाजवू लागली. हे वाद्य खालच्या ओठावर टेकवून वाजवतात. ओठाला जरा काही झाले की सूर फाटतो. ती वाद्यवृंदात लागली, तेव्हा लोक तिच्या बोटांचे, दमसासाचे कौतुक करत. हसताना दिसणाऱ्या पुढच्या दातांचेही करत. मी मागे बसून कडक, चिवट, जे येईल ते दळत होते. कौतुकाची मला हाव नव्हती. पण तालमीला उशीर झाला की ब्रश पुढच्या पुढे फिरून बाहेर पडे, आणि तालमीला उशीर तर रोजच होई.

आधी माझ्यावर काळा ठिपका पडला, मग खड्डा. गरम चहा लागला की मी कळवळे. मालकीण दुसऱ्या बाजूने चावू लागली. लवंग दाबून धरी आणि म्हणे, "जाईल आपोआप."

ती आळशी नव्हती, मित्रांनो. ती भीत होती. तिच्या मोठ्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, दाढेवर पूर्वी उपचार झाले होते. त्या वेळी औषध मुळाच्या टोकाबाहेर, नसेवर उतरले आणि त्याचा अर्धा खालचा ओठ कायमचा बधिर झाला. चहा हनुवटीवर ओघळला तरी त्याला पत्ता नसे. "अर्धा ओठ भाड्यानं दिलाय, आणि भाडेकरू झोपलाय," असे सांगून तो सगळ्यांना हसवी. मालकीणही हसे, पण तिचा जबडा असा आवळे, की वरची दाढ माझ्यावर चेपून बसे.

एका सकाळी तिचा गाल सुजला. तरीही ती तालमीला गेली. ऐन सुरात तिचा श्वास अडला आणि वाद्यातून नुसती किंकाळी निघाली. वाद्यवृंदाचे प्रमुख हात खाली करून म्हणाले, "बाई, क्लॅरिनेट पेटीत ठेवा आणि दातांच्या डॉक्टरांकडे जा. उद्या नाही, आत्ता."

जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. "मुळं नसेवरच बसल्यासारखी दिसतायत. दाढ काढून टाकलेली बरी."

"काढताना नसेला धक्का तर नाही ना लागणार?"

डॉक्टरांनी एक्स-रे पुन्हा पाहिला. "तेही सांगता येत नाही."

मी थिजले. उपटले तरी धोका, ठेवले तरी धोका. मला स्वतःच्या जिवाची भीती होतीच. पण माझ्यापायी तिचा ओठ जाईल, या विचाराने मला त्याहून जास्त धडकी भरली. त्याच डॉक्टरांनी मग रूट कॅनाल करणाऱ्या एका डॉक्टरबाईंकडे चिठ्ठी दिली. दादा सोबत आला.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "ही नुसती सावली आहे. सावलीत पुढचं-मागचं एकावर एक पडतं. मूळ नसेला टेकलंय की बाजूनं गेलंय, ते यावरून कळत नाही. अंदाजपंचे मी सुई घालणार नाही. थ्री-डी स्कॅन काढू, सगळं मोजू, मग ठरवू."

स्कॅनच्या खोलीत मालकिणीने हनुवटी टेकवली आणि पुढच्या दातांत एक काडी धरली. तिच्या कपाळाला पट्टी लागली. दार बंद झाले. यंत्राचा हात तिच्या डोक्याभोवती घरघरत निघाला. ती थरथरत होती, म्हणून मीही थरथरत होते. मध्येच तिने आवंढा गिळला.

"हललात हो!" स्कॅन काढणाऱ्या बाई बाहेरून म्हणाल्या. "चित्र पुसट आलंय. पुन्हा घ्यावं लागेल."

"मला नाही जमणार," मालकीण म्हणाली.

"अगं, लांब सूर धरतेस ना? तसा श्वास सोड!" दादा काचेपलीकडून ओरडला.

तिने छाती भरून श्वास घेतला आणि इतका सावकाश सोडला, की जबड्याला त्याची खबरही लागली नाही. यंत्र फेरी पूर्ण करून थांबले.

मी स्वतःला कधी पाहिलेले नाही. पण पडद्यावर माझे एकेक काप उलगडत, काकडीच्या चकत्या कराव्यात तसे, डॉक्टरबाई मालकिणीला समजावत होत्या. मी ऐकत होते.

"हिच्या आतली नळी गोल नाही. विळ्यासारखी वाकडी फट आहे. साध्या एक्स-रेत हे कळलं नसतं. ही जिभेकडची भिंत बघा, मिलिमीटरभरही जाड नाही. इथे जास्त घासलं तर आरपार भोक." इतकी वर्षे मी इतक्या पातळ भिंतीवर उभी होते! "आता टोकाकडे जाऊ. टोकापासून नसेपर्यंत..." खोलीत नुसता माऊसचा टकटकाट. "दीड मिलिमीटर. टेकलेलं नाही."

"पुरेसं आहे का हो?"

"निर्धास्त राहण्याइतकं नाही. जपून काम करण्याइतकं आहे. नळीची लांबी मिळालीय, आत गेल्यावर ती पुन्हा तपासेन."

दादाने हळूच विचारले, "माझ्या वेळी असं मोजलं असतं तर?"

डॉक्टरबाईंनी पडद्यावरून नजर काढली. "कदाचित वाचला असता ओठ. नक्की नाही सांगत."

दादाने रुमालाने हनुवटी पुसली. तिथे काही सांडलेले नव्हते.

मग इंजेक्शन झाले आणि थोड्या वेळात मालकीण किंचाळली, "ओठ! दादा, ओठ कळत नाहीये!"

"भूल आहे ती," डॉक्टरबाई म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत उतरेल."

प्रत्येक बारीक सुईवर मोजलेल्या लांबीपाशी त्यांनी रबराची चकती लावली होती. सुई माझ्या आत उतरे आणि मी मनात ओरडे, थांब, आता थांब! ती थांबे. पुन्हा उतरे, पुन्हा थांबे. कुजलेले सगळे बाहेर निघाले, नळी धुतली, भरली. नसेला कोणी शिवले नाही, असे मला वाटत होते. पण खात्री कोण देणार?

संध्याकाळ झाली. रस्त्यावरचे दिवे लागले. ओठ अजून बधिरच. मालकीण खिडकीशी बसून बोटाने ओठ दाबत होती. समोर दादाही आपला ओठ दाबत होता.

"तू का दाबतोयस?"

"सवय. रोज एकदा विचारतो त्याला, उठलास का रे म्हणून."

या वेळी कोणी हसले नाही. बराच वेळ गेला. मग ती एकदम ताठ बसली. "मुंग्या येतायत! दादा, नखानं टोचून बघ."

त्याने टोचले.

"आई गं!"

तिने त्याला मिठीच मारली. दादा खूप आनंदला. मग तोंड फिरवून तो बाहेर बघत राहिला.

मालकीण पुन्हा वाजवू लागली. डॉक्टरबाईंनी मात्र बजावले होते, की भिंती पातळ आहेत, दाढेवर टोपी, म्हणजे कॅप, बसवलीच पाहिजे. एक कार्यक्रम झाला, दुसरा झाला, टोपी राहूनच गेली. मित्रांनो, माझा आतला जिवंत गाभा आता काढलेला आहे. मला ठणका लागत नाही, म्हणजे तिला हाकही मारता येत नाही. कडक घास आला की मी जीव मुठीत धरते. एखाद्या दिवशी मी उभी चिरेन, आणि तिला कळेल तेव्हा उशीर झालेला असेल.

आज दादा येऊन दारात उभा राहिला. "चल, टोपी बसवायला."

"अरे, पण आता दुखत नाहीये."

"माझा ओठही दुखत नाही," तो म्हणाला.

तिने चपला घातल्या.

आता आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसलो आहोत. टोपी बसेपर्यंत माझ्या जिवात जीव येणार नाही. तोवर तुम्हाला एवढीच विनंती करते. झोपण्याआधी ब्रश मागच्या कोपऱ्यापर्यंत न्या. भीती वाटली तर ती घरच्यांना सांगा, डॉक्टरांना सांगा, मनातल्या मनात धरून बसू नका. आणि दुखायचे थांबले, म्हणून आम्हाला विसरू नका.