चंपत मास्तरांचे ॲटलस

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला गावच्या मराठी शाळेत भूगोल शिकवणारे चंपत मास्तर स्वभावाने गरीब, पण त्यांच्या लोखंडी पेटीला कुणी हात लावला की त्यांचा पारा चढायचा. पेटीत सात जुने ॲटलस होते, दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी विलायतेत छापलेले. त्या काळी नकाशे नुसत्या काळ्या शाईत छापायचे आणि मग माणसं बसून एकेका पानात हाताने रंग भरायची. मास्तरांनी ते हैदराबादच्या फुटपाथवरून, नागपूरच्या रद्दीतून, एका जुन्या जहागीरदाराच्या माळ्यावरून हुडकून आणले होते. त्यापायी ना अंगावर धड सदरा आला, ना घरावर नवे पत्रे. बापजाद्यांच्या नावावर हातभर वावर नव्हतं आणि ह्या गड्याच्या पेटीत पाची खंड! गाव हसायचं, हसेना का.

सगळ्यात मोठ्या ॲटलसमध्ये ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर रंगवणाऱ्याचा हात घसरला होता आणि फिका गुलाबी रंग समुद्रात उतरला होता. ती चूक मास्तरांच्या फार जिवाची. रंगवता रंगवता कुणा बाईला डुलकी लागली असेल, असं ते प्रयागबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, कौतुकाने सांगायचे.

त्र्याण्णव साली मास्तरांना ते फिके रंग दिसेनासे झाले. आधी पिवळा गेला, मग गुलाबी. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू आहे, डोळ्याची नस सुकत चालली आहे. गेलं ते परत येणार नाही, उरलेलं औषधाने काही दिवस टिकेल. मास्तर घरी येऊन बायकोला म्हणाले, "नंबर वाढला फक्त."

लबाड नव्हता हो माणूस, घाबरला होता. नोकरीची धास्ती होतीच, पण त्याहून मोठी पेटीची. जन्मभर ज्याच्यासाठी पोटाला चिमटा घेतला ते समोर असून दिसणार नाही, हे त्यांच्याने स्वतःलाही सांगवत नव्हतं. त्यांनी भिंग आणलं, दोनशेचा बल्ब लावला, पानावर नाक टेकवलं. शेवटी, ज्या ॲटलसवर कधी उन्हाची तिरीप पडू दिली नव्हती, तो मोठा ॲटलस त्यांनी भर दुपारी अंगणात बाजेवर उघडला. ज्वारी पाखडणाऱ्या प्रयागबाईंचं सूप हातातच राहिलं.

"अवो, उन्हात काऊन ठिवलं? ऊन लागू देऊ नोको, असं तुमीच तं म्हनता."

"रंग उडून राह्यले याचे," मास्तर म्हणाले. "जुना कागद हाये. सारा पांढरा पडून राह्यला."

"मले तं दिसते थोडाथोडा."

"तुले काय समजते त्यातलं?"

प्रयागबाई परत ज्वारी पाखडू लागल्या. पण मग रोज तेच. घास हातात धरून मास्तर म्हणायचे, उडाले सारे. अंघोळीला बसले तरी तेच. बाईंना अक्षरओळख नव्हती, तरी नवऱ्याचा जीव तीळतीळ तुटतो आहे हे दिसत होतं. बाईंचा भाऊ बापूजी निर्मलला राहायचा, लाकडी खेळणी आणि चित्रं रंगवणाऱ्या नक्काशांच्या शेजारी. मास्तर परीक्षेच्या ड्युटीवर पंधरा दिवस आदिलाबादला गेले, तेव्हा बाईंनी तो मोठा ॲटलस गोधडीत गुंडाळला आणि लहान लेकरासारखा मांडीवर घेऊन निर्मलची बस गाठली.

मास्तर परतले त्या दिवशी बाईंनी त्यांना पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. हाताला धरून बाजेवर बसवलं आणि ॲटलस पुढे ठेवला. वॉर्निशचा वास मास्तरांच्या नाकात शिरला.

त्यांनी पान उलटलं. समुद्र गडद निळा. हिंदुस्थान शेंदरी, चीन पोपटी, सगळ्या सीमा सोनेरी. ब्रह्मदेशाचा तो घसरलेला हात बुजवून नक्काशाने किनारा सरळ केला होता. वर हौसेने कोपऱ्यात दोन हरणं काढली होती.

"कोनं केलं हे?"

"बापूजीच्या शेजारच्या नक्काशानं. मी म्हनलं त्याले, मास्तरायचा जीव चाल्ला रंगापायी. बिचाऱ्यानं दुसरं सारं काम बाजूले ठिवलं."

"खून केला तू!" मास्तर एवढ्याने ओरडले की शेजारचे लोक दारात आले. "जगात चार असतील असे! त्यातला एक मारून टाकला!"

प्रयागबाई म्हणाल्या, "रंग उडाले म्हनत होते तुमी. रोज म्हनत होते. मंग मी काय कराव?"

अंगणात भिरकावून द्यायला मास्तरांनी ॲटलस उचलला आणि त्यांची नजर पानावर अडकली. खंबायतचं आखात दिसत होतं. भिंगाशिवाय. त्यांनी सोनेरी किनाऱ्यावर बोट ठेवलं आणि ते थेट सिंहलद्वीपापर्यंत नेलं. बोट कुठे अडलं नाही. वर्षभर त्यांना किनारा दिसला नव्हता. पान उलटलं, नाईल दिसली. आणखी उलटलं, अख्खी दक्षिण अमेरिका दिसली. सगळं खोटं होतं, भडक होतं, आणि सगळं दिसत होतं. किळस येत होती आणि हात थांबत नव्हता. मास्तर हुंदके देऊन रडले.

मग ते उठले, पेटीतले उरलेले सहा ॲटलस काढून त्यांनी बाईंपुढे ठेवले.

"हेबी घेऊन जाय निर्मलले."

"आता तं खून म्हनत होते!"

"रंग उडालेच नवते, प्रयाग. माह्ये डोये गेले. डॉक्टरनं कवाच सांगतलं होतं."

प्रयागबाईंनी सहाही ॲटलस ओढून छातीशी धरले. "नाई नेत मी. हे तं चांगले हायेत ना अजून?"

"चांगले हायेत," मास्तर म्हणाले. "जाड रंग लाव म्हना त्याले. आन लवकर दे म्हना."