बिनसाखरेचा कप

विष्णुपंत रोज सकाळी स्वतः चहा टाकत आणि साखर घालायच्या आधी एक कप बाजूला गाळून ठेवत. तो त्यांच्या बायकोचा, दमयंतीबाईंचा. मधुमेहामुळं त्या बिनसाखरेचा घेत. त्यांचं तेरावं उरकलं तरी भिंगारच्या त्या घरात तो कप टेबलावर येतच राहिला, आणि विष्णुपंत समोरच्या रिकाम्या खुर्चीला गवारीचा भाव सांगत राहिले.

त्यांच्या सुनेला, प्रणिताला, ते बघवेना. चार वर्षांच्या संस्कृतीच्या मनावर काही परिणाम झाला तर? मोबाईलवर तिनं नाही नाही ते वाचून काढलं. अशात एकदा संस्कृतीनं विचारलं, "आजीला बिस्कीट नको?" आणि प्रणितानं तिला उचलून आत नेलं. नवरा, धवल, सुप्याला कंपनीत गेल्यावर तिनं सासऱ्यांना सांगितलं की पोर घाबरते. वर, गेलेल्या माणसाला असं अडकवून ठेवू नये म्हणतात, हेही जोडलं. एरवी शास्त्राचं नाव काढलं की हसणारी ती. विष्णुपंत 'बरं' म्हणाले. कप माळ्यावर गेला.

रविवारी दुपारी टीव्हीवर तिचा आवडता सिनेमा लागला. त्यातला माणूस वारलेल्या बायकोचं पान रोज वाढतो. ती येऊन बसते, पण दिसते आपल्याला, त्याला नाही. कॉलेजात असल्यापासून प्रणितानं तो कितीदा तरी पाहिलेला, आणि रडू यायचं ते नेमकं इथंच. विष्णुपंतही येऊन बसले होते. त्या माणसानं भातावर तूप वाढलं आणि तिला हुंदका आवरेना.

"किती जीव लावलाय हो, अण्णा, त्यानं," ती ओढणीनं डोळे पुसत म्हणाली.

विष्णुपंत पडद्याकडंच बघत होते. "त्याच्या घरात लहान मूल नसावं," ते म्हणाले.

टोमणा असता तर तिनं परतवला असता. पण ते अगदी साधं बोलले होते, त्या माणसाची काळजी वाटावी तसं. तिचे कान तापले. पुढचा सिनेमा तिनं पाहिला, पण दिसला नाही.

सकाळी ती त्यांच्या आधी उठली. माळ्यावरून कप काढला, घासला, साखर घालण्याआधी चहा गाळला आणि त्यांच्या कपाशेजारी ठेवला.

विष्णुपंतांनी तो हळूच परत तिच्याकडं सरकवला. "राहू दे गं. संस्कृती घाबरते ना."

खरं सांगून टाकावं, असं तिच्या ओठांवर आलं. तिथंच राहिलं.

"मी कुठं घाबरते?" डोळे चोळत आलेली संस्कृती म्हणाली. तिनं डब्यातून बिस्कीट काढलं आणि त्या कपाच्या बशीत ठेवलं. "आजी बुडवून खाते."

विष्णुपंतांनी नातीकडं पाहिलं, मग सुनेकडं. कप उचलून समोरच्या खुर्चीपुढं ठेवला.

प्रणिता पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत राहिली. मागं विष्णुपंत त्या खुर्चीला हळू आवाजात सांगत होते, सून अजून लहान आहे म्हणून.